वाटीखालचा चेहरा

१

चेहरा तेवढा गेला होता. बाकी माणूस जागच्या जागी होता. वीतभर उंची, अंगात निळा डगला, पायात जाड तळव्यांचे बूट, एका हातात वेल्डिंगची दांडी आणि काखेत काळा मुखवटा. मानेवर मात्र नुसतं गव्हाळ प्लॅस्टिकचं गुळगुळीत डोकं. नाक होतं, कान होते, पण ते साच्यातून आलेले. डोळे, भुवया, ओठ यांचा पत्ता नव्हता.

ही बातमी आत्याला फोनवर कळली, आणि तीही तिच्या मौनाच्या वेळात. सकाळी उठल्यावर पहिला तासभर कुणाशी बोलायचं नाही, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. घरच्यांना तो ठाऊक होता.

"वन्सं, तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका," भावजय रडत म्हणाली. "बारकीनं घात केला. त्या बाईंच्या वारलेल्या नवऱ्याची, त्या वेल्डरची, फिगर ह्यांनी महिनाभर रंगवली होती. काल रात्री डोक्यावर वाटी पालथी घालून ठेवली, वार्निश वाळायला. आज मी धूळ पुसायला वाटी उचलली, तर तोंडच नाही! टेबलावर बारकीची नखांचा रंग पुसायची बाटली, रिकामी. गेल्याच आठवड्यात म्हणाली होती, एक दिवस या सगळ्यांची तोंडं पुसून टाकीन. आता मी बोलले तर बॅग भरतेय. संध्याकाळी मैत्रिणीकडे राहायला जाते, परत येणार नाही म्हणते. आणि त्या बाई संध्याकाळीच येणार आहेत हो फिगर न्यायला. तुम्ही याच."

आत्यानं फोन खाली ठेवला. जन्मभर तिनं विम्याच्या नोकरीत जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं आणि हरवलेले दागिने तपासले होते. खऱ्याचं खोटं आणि खोट्याचं खरं करणारी माणसं ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. निवृत्तीनंतर तिला एकच सुख हवं होतं, की कुणी आपल्याला काही पटवून देऊ नये. पण नात्यातली माणसं निवृत्त होत नाहीत.

गुडघ्याला पट्टा बांधून ती निघाली. जिना उतरताना तिच्या मनात चेहरा नव्हता, बाटलीही नव्हती. भावजय बोलत असताना मागून भावाचा आवाज आला होता. एकच वाक्य.

"जाऊ दे. पोरीला काही बोलू नका."

महिनाभराचं काम मातीत गेलेला माणूस "जाऊ दे" म्हणतो?

२

भावाच्या घरात दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्याचं टेबल. कारखान्यानं वेळेआधी घरी बसवल्यापासून त्याचा हाच उद्योग होता. लोक बाजारातल्या अ‍ॅक्शन फिगर आणून द्यायचे. हा त्यांचा मूळ रंग उतरवायचा, सांधे घासायचा, डोकी बदलायचा आणि सांगाल तो माणूस उभा करायचा. कुणाला उडता योद्धा जुन्या चिलखतात हवा असे, कुणाला सैनिकाच्या धडावर आपल्या आजोबांचा चेहरा. चेहऱ्यासाठी त्याचं नाव होतं. शौकीन मंडळी म्हणत, याच्या फिगर पापण्या लववतील की काय असं वाटतं.

त्याच खोलीत भिंतीशी बारकीची कॉट. बारकी म्हणजे बापापेक्षा वीतभर उंच झालेली लेक, पण नाव पडलं ते पडलं.

"ताई, तुला कशाला बोलावलं उगाच," भाऊ म्हणाला. त्याची दाढी वाढली होती, चष्मा नाकावर घसरला होता. "गुडघे दुखतात ना तुझे?"

"गुडघे काय, घरी बसूनही दुखतातच. फिगर दाखव."

तो वाकला, तसं त्याच्या खिशात चष्म्याचं घर खुळखुळलं. त्यानं फिगर पुढे केली. आत्यानं ती खिडकीच्या उजेडात धरली. कानामागून हनुवटीपर्यंत एक बारीक उंचवटा अंगठ्याला लागला.

"हे काय रे?"

"साच्याची शिवण. दोन अर्धी डोकी जोडतात ना, तिथली."

"राहते का ती अशीच?"

"छे, घासावी लागते. नाहीतर रंगाखालून दिसते..." तो बोलता बोलता थांबला आणि फिगर परत घेण्यासाठी त्यानं हात पुढे केला. आत्यानं ती दिली नाही.

भावजय चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवताना तिनं ब्रश बुडवायचा पेला मुद्दाम लांब सारला. "ह्यांचं काय सांगू! रंगात आले की भान नसतं. चहात ब्रश बुडवतात आणि रंगाचं पाणी पितात. परवा ओठ हिरवे घेऊन दूध आणायला गेले होते. दूधवाला म्हणतो, काका, तब्येत बरी आहे ना?"

एरवी या गोष्टीवर भाऊच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. आज त्यानं हातानं चाचपून कपाचा कान शोधला आणि मान खाली घातली.

"चेहरा कसा झाला होता?" आत्यानं भावजयीला विचारलं.

"फार सुंदर! हेच म्हणाले, आजवरचा सगळ्यांत चांगला."

"तू पाहिलास?"

"मी कुठली पाहते? वाटी उचलायची नाही, धूळ बसते, असा ह्यांचा दंडक."

"मग आज उचललीस ती?"

"बाई येणार म्हणून टेबल आवरत होते," भावजय पुटपुटली. "मला काय माहीत, खाली हे असं वाढून ठेवलंय."

३

बारकी आतल्या खोलीत होती. बॅगेत कपडे कोंबत होती, आणि एकच सदरा तिसऱ्यांदा घडी करत होती.

"तू उलटतपासणीला आली असशील तर ऐक, आत्या. हो, मीच पुसला. झालं समाधान? जेवून जा आता."

"बरं," आत्या तिथल्या पलंगावर टेकली. "कान आधी पुसलेस की डोळे?"

"काय?"

"कानाच्या खोबणीतला रंग कसा काढलास? टोचणीनं, की कापूस वळून?"

बारकीनं हातातला सदरा खाली टाकला. मग एकदम तिचा आवाज फुटला. "मला काय माहीत! मी हातसुद्धा लावला नाही त्याला. पण आई म्हणते मी केलं, बाबा म्हणतात जाऊ दे. म्हणजे केलंच ना मी? त्यांनी एकदा तरी विचारायचं होतं, बारके, तू केलंस का? शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. सरळ माफच करून टाकलं! न केल्याची माफी कशी गिळायची, सांग ना."

"तोंडं पुसून टाकीन असं म्हणाली होतीस?"

"म्हणाले होते. तू झोपून बघ त्या खोलीत. रंगाचा वास, आणि कूस बदलावी तर अख्खी पलटण माझ्याकडे बघतेय. पण आत्या, त्या वेल्डर काकांचा फोटो मीच मोठा करून आणला होता बाबांना. ते म्हणाले नीट दिसत नाही, म्हणून अजून मोठा. मग अजून मोठा. शेवटी भिंतीला लावायच्या कॅलेंडरएवढा केला."

"आणि बाटली?"

"नवी होती. झाकणाचं सील मी परवाच फोडलं. ही बघ नखं."

तिनं बोटं पुढे केली. दहाही नखांवर जांभळा रंग होता, टोकांना उडालेला, जुना. बाटली पुरी संपली होती, पण नखं पुसलेली नव्हती.

"किती वाजता निघतेस?"

"त्या बाई येऊन जाईपर्यंत थांबते. त्यांच्यासमोर बाबा एकटे पडायला नकोत." तिनं डोळे पुसले. "नंतर मात्र जाणार. तू अडवू नकोस."

आत्यानं अडवलं नाही. रिकामी बाटली तेवढी मागून घेतली.

४

उरला वरच्या मजल्यावरचा फवारे. हे त्याचं आडनाव नव्हे. तो छोट्या यंत्रानं रंगाचा फवारा मारून फिगर रंगवायचा, म्हणून शौकिनांनी ठेवलेलं नाव. भावाचा जुना मित्र आणि जुना प्रतिस्पर्धी. काल संध्याकाळी तो खाली येऊन गेला होता, आणि वेल्डरची बायको आधी त्याच्याकडेच गेली होती.

"आलात ना शेवटी माझ्यावर?" त्यानं दार उघडताच म्हटलं. "ताई, मला राग आला होता, नाही कशाला म्हणू? बाई माझ्या दारातून उठून याच्याकडे गेल्या. पण मीच पाठवलं त्यांना. फवाऱ्यानं कातडी होते, चिलखत होतं, डोळे होत नाहीत. डोळ्यांना हात लागतो, आणि तो देवानं त्याला दिलाय."

"काल तुम्ही चेहरा पाहिलात?"

"कुठला! वाटीला हात लावला, तर माझ्या मनगटावर फटका मारला. लहान पोराला मारावा तसा. म्हणाला, झालाय, मस्त झालाय, उद्या बघ. आणि त्याच दमात विचारतो, तुझ्याकडे स्पिरिट आहे का थोडं?"

"स्पिरिट कशाला?"

"रंग उतरवायला. आम्ही फसलेलं डोकं त्यात बुडवून ठेवतो, सकाळी कोरं होतं. माझंही संपलं होतं, नाही म्हणालो. दुसरं काही काम आलं असेल असं वाटलं मला." फवारेनं आवाज खाली आणला. "तसं अलीकडे त्याच्याकडे काम कमीच दिसतं. चेहऱ्याचं तर तो परतच पाठवतो. म्हणतो, कंटाळा आला माणसांच्या तोंडाचा."

आत्या जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. चेहरा मस्त झालाय म्हणणाऱ्या माणसाला त्याच संध्याकाळी रंग उतरवायचं औषध हवं होतं.

५

भाऊ खुर्चीतच डुलकी घेत होता. भावजय आत होती. आत्यानं टेबलाच्या खणातून एक सुटा प्लॅस्टिकचा हात घेतला, कुठल्याशा फिगरचा टाकाऊ. बाटली उपडी करून तळातले थेंब त्यावर पाडले आणि कापसानं चोळलं. प्लॅस्टिक आधी चकाकलं, मग चिकट झालं. अंगठा दाबला तर अंगठ्याच्या रेषा त्यावर उमटल्या.

मग तिनं फिगरच्या कोऱ्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. कोरडा, मऊसर, एकसारखा. कानाच्या खोबणीत रंगाचा कण नाही. कानामागची शिवण जशीच्या तशी.

हा चेहरा कुणी पुसलेला नव्हता. या डोक्याला रंगाचा ब्रश कधी लागलाच नव्हता. हे पाकिटातून काढून मानेवर बसवलेलं दुसरंच डोकं होतं.

मग बाटली कुणावर रिकामी झाली? ज्या डोक्यावर झाली, ते कुठे आहे?

थकून ती समोरच्या काचेच्या कपाटाकडे बघत बसली. वरच्या कप्प्यांत एकेक बेरकी, हसरा, रडवेला चेहरा. एका म्हातारीचे डोळे तर असे, की समोरच्यानं आपणहून खरं सांगून टाकावं. नोकरीत असताना आपल्याला असे डोळे असते तर किती दगदग वाचली असती, असं तिच्या मनात आलं.

"नवं काम कुठं ठेवतो गं हा?" तिनं आत हाक मारली.

"खालच्या कप्प्यात," भावजयीचा आवाज आला. "वर चढवत नाही आता त्यांना."

आत्या गुडघा धरून खाली वाकली. खालच्या कप्प्यात एक अंतराळवीर, काळ्या काचेचं शिरस्त्राण घातलेला. एक पाणबुड्या, तोंडावर नळी आणि गॉगल. एक बर्फातला शिकारी, नाकापर्यंत फडकं, कपाळापर्यंत टोपी. एक आग विझवणारा, मुखवट्यात. एक योद्धा, लोखंडी झडप ओढलेला. कपडे, सुरकुत्या, बुटांवरचा चिखल, सगळं उत्तम.

अख्ख्या कप्प्यात एकाही माणसाला डोळे नव्हते.

आत्या तशीच जमिनीवर बसून राहिली. कॅलेंडरएवढा फोटो. चहात ब्रश. चाचपून शोधलेला कपाचा कान. मागे खुर्ची करकरली, भाऊ जागा झाला होता. त्याच्या नाकावर चष्मा होता, आणि खिशातलं चष्म्याचं घर तरीही खुळखुळलं.

चष्मा डोळ्यांवर असताना त्याच्या घरात काय वाजतंय?

तेवढ्यात दारावर थाप पडली. वेल्डरची बायको वेळेआधीच आली होती.

६

बाई ठेंगणी, शांत. दारातच म्हणाल्या, "मला धीर नाही निघाला हो."

बारकी आतून येऊन उंबऱ्याशी उभी राहिली, खांद्याला बॅग. भावजयीनं पदर तोंडाशी धरला. आत्या कपाटाला धरून उठली आणि भावापाशी गेली. आवाज तिनं जराही चढवला नाही.

"चष्म्याचं घर दे."

"ताई, नंतर..."

"मी जळालेल्या गोदामांत उभी राहिले आहे रे. ज्याचा माल खरंच जळतो तो ओरडतो, छाती पिटतो, शेजाऱ्याचं नाव घेतो. जाऊ दे म्हणतो तो एकच माणूस. ज्याला माहीत असतं की आत माल नव्हताच. वाटीखाली चेहरा नव्हता. या घरात तो कुणीच पाहिला नाही. सगळ्यांनी तुझ्या तोंडून ऐकला."

भावानं बायकोकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे. हळूच खिशातून घर काढलं आणि टेबलावर उघडलं. आत दोन डोकी होती. एकाचा गाल वितळून ओघळला होता. दुसऱ्याचा एक डोळा जागेवर होता आणि दुसरा पार कानाकडे सरकलेला, त्यावरून कुणीतरी घाईनं कापूस ओढला होता.

"समोरचं धुरकट दिसतं," तो म्हणाला. "दिव्याभोवती वलयं. वर्ष होऊन गेलं. कपडे जमतात, हाताला सवय आहे. पण डोळा म्हणजे केसाएवढी रेघ, ती दोन दिसतात. कुठली खरी, कळत नाही. या बाई आल्या तेव्हा नाही म्हणवेना. वाटलं, एकदा, शेवटचं. रंगवायचो, पुसायचो. स्पिरिट संपलं. मग बारकीची बाटली घेतली. तिनं प्लॅस्टिकच खाल्लं. कोरं डोकं लावून झाकून ठेवलं, म्हटलं सकाळच्या उजेडात बघू."

"आणि सकाळी मी वाटी उचलली," भावजय म्हणाली. "अहो, मी पोरीला इतकं बोलले! तुम्ही समोर बसला होता!"

"चेहरा जमत नाही म्हटलं की उरतं काय माझ्याजवळ? डगले शिवणारा शिंपी. ते तोंडून निघेना. वाटलं, जाऊ दे म्हटलं की विषय मिटेल."

"माझ्यावर मिटवलात," उंबऱ्यातून बारकी म्हणाली.

 तो उठला, अडखळत तिच्यासमोर गेला आणि दोन्ही हात जोडणार तोच तिनं ते धरून खाली केले. "ते नको. ते तर अजिबातच नको."

मग त्यानं वळून बाईंना सांगितलं, "ताई, तुमची फिगर माझ्याच्यानं झाली नाही. कुणी पुसली नाही, कुणी बिघडवली नाही. मला दिसत नाही. हे मी महिन्यापूर्वी सांगायला हवं होतं."

बाईंनी एवढा वेळ कुणाकडे पाहिलंच नव्हतं. त्या टेबलाशी जाऊन फिगर हातात घेऊन उभ्या होत्या. कोऱ्या तोंडाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या हात बघत होत्या. डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा पांढरट चट्टा, बोटांच्या पेरांवर ठिणग्यांचे बारीक काळे ठिपके, मनगटावर हातमोजा जिथे संपायचा तिथली रेघ.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. पहिल्या दिवशी बोलता बोलता."

"मला आठवत नाही." त्यांनी तो अंगठा आपल्या अंगठ्यानं चोळला. "चेहऱ्याचं काय हो, चेहरा फोटोत आहे. हात फोटोत कुठं येतात." त्यांनी काखेतला काळा मुखवटा सोडवला आणि कोऱ्या तोंडावर बसवला. तो नेमका बसला. "असेच असायचे दिवसभर. मी डबा घेऊन गेले तरी मुखवटा काढायचे नाहीत, नुसता हात हलवायचे. द्या बांधून. डोळे तुम्हाला दिसायला लागले की आणीन परत."

भावजयीनं जुन्या कापडात फिगर गुंडाळून दिली. बाई गेल्या. खोलीत कुणी बोलेना. आत्याला वाटलं, गप्प बसण्याचेही किती प्रकार. आपण सकाळी बसतो ते मन निवावं म्हणून. हा वर्षभर बसला ते घाबरून, आणि त्याच्या गप्पपणाचा भार पोरीनं उचलला.

बारकीनं बॅग खांद्यावर नीट केली. "मी मैत्रिणीकडे जातेय. आज तरी मला या खोलीत झोपायचं नाही."

भावानं मान हलवली.

ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या, परत वळली. "उद्या सकाळी येते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तयार राहा."

"बारके..."

"वाटेत एक शब्द बोलणार नाही मी तुमच्याशी. पण हात धरून नेते. रस्त्यातले खड्डे दिसत नसतील तुम्हाला, आणि सांगणारही नाही तुम्ही."

ती जिना उतरून गेली. भाऊ तिच्या पावलांचा आवाज संपेपर्यंत दारात उभा राहिला. मग टेबलाकडे आला आणि चहाच्या कपासाठी हात पुढे केला.

"थांब, तो रंगाच्या पाण्याचा पेला आहे," आत्या म्हणाली आणि तिनं कप त्याच्या हातात दिला.